शहराच्या इतिहासाचं दालन मांडताय? आधी कूलर बाहेर काढा

नागपुरात सामानाचा तुटवडा नसतो. वाचनालयाने किंवा शाळेने नुसतं आवाहन केलं तरी महाल भागातले मोडी कागद, मिलमधल्या आजोबांचा पास, कोष्टी घरातलं रेशीमकाठी लुगडं असं बरंच काही येऊन पडतं. तीन उन्हाळ्यांनंतर यातलं किती शिल्लक असेल, हा खरा प्रश्न.

विषय निवडताना नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शाहपासून सुरुवात आणि संत्र्याच्या फोटोने शेवट, हा साचा सोडा. एका खोलीत पाच विषय पुरे, आणि तेही राजांच्या क्रमाने लावू नका, जागांच्या क्रमाने लावा. गांधी गेटखालून रोज जाणाऱ्याला तो जुम्मा दरवाजा होता हे कळलं की तो थांबतो. १८६७मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. हे दोन्ही एकाच भिंतीवर लावलं की कापसाचं गणित वेगळं समजवावं लागत नाही.

प्रत्येक वस्तूला नोंदवहीत क्रमांक द्या. देणाऱ्याकडून भेट की उसनी, हे सहीनिशी लिहून घ्या. कागदावर क्रमांक टाकायचा तो मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही बंद. लॅमिनेट केलेला दस्तऐवज पुन्हा सोडवता येत नाही.

आता कूलर. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, म्हणून दालनात वाळा भरलेला कूलर लावायचा, हे बहुतेक जण हौसेने करतात. वस्तूंचा सगळ्यात जास्त घात यानेच होतो. उन्हाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्याही खाली जाते. कूलर सुरू झाला की बंद खोलीत ती ६०–७०वर चढते आणि संध्याकाळी कुलूप लागलं की परत कोसळते. कागद रोज फुगतो, रोज आकसतो. जुन्या फोटोंचा जिलेटिनचा थर कागदाच्या वेगाने आकसत नाही, म्हणून फोटो आधी कडेने वळतो आणि मग त्याला बारीक तडे जातात. ४० अंश उष्णतेत निवांत पडलेला कागद टिकेल, पण रोजची ही ओढाताण त्याला सोसत नाही.

दहा ते सहा चालवलेला एसीही तसाच. लावायचाच तर चोवीस तास लावा, नाहीतर लावू नका. छताला पांढरा चुना, पंखा, दुपारी बंद खिडक्या एवढं करा आणि कूलर व बाकडं व्हरांड्यात ठेवा. पाहुण्याला गारवा तिथे मिळेल.

शोकेस घट्ट बंद हवी, झाकणाला रबरी पट्टी हवी. प्लायवूडची असेल तर आत काही ठेवण्याआधी महिनाभर उघडी ठेवा. ताज्या प्लायला जो वास येतो, त्यातली आम्लं कागद पिवळा करतात. पावडर कोटिंग केलेली लोखंडी शोकेस त्याहून बरी.

शोकेसमध्ये सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे) टाका, असं सगळेच सांगतात. कोणतं आणि कसं, ते सांगत नाहीत. कोरडं जेल टाकलं तर ते आधीच सुकलेल्या कागदातली उरलीसुरली ओलही ओढून घेतं. पावसाळा सरल्यावर हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ५० टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, तेव्हा जेल ताटांत पातळ पसरून दोन-तीन आठवडे खोलीत ठेवा आणि मग शोकेसच्या तळाशी जाळीखाली भरा. प्रमाण घनमीटरला २० किलो, म्हणजे १०० बाय ६० बाय ३० सेंटिमीटरच्या शोकेसला ३.६ किलो. पुड्यांनी भागत नाही. निळ्या रंगाचं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतो. नारिंगी घ्या, शहरालाही तेच शोभतं! प्रत्येक शोकेसमध्ये एक हायग्रोमीटर ठेवा आणि सकाळ-दुपार आकडा वहीत उतरवा. तो ४५ ते ५५मध्ये राहिला तर हात लावू नका.

कागद, फोटो आणि कापडावर उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त नको. मूळ कागद तीन-चार महिन्यांनी काढून आम्लरहित पेटीत विश्रांतीला ठेवा आणि जागी ६०० डीपीआयची छापील प्रत लावा. प्रत आहे, हे तिथे स्पष्ट लिहा.

फलकाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, मजकूर साठ-सत्तर शब्दांचा. ‘गौरवशाली परंपरा’ असले शब्द काढले की तो आपोआप तेवढ्यात बसतो.

जुलैत रोज सकाळी शोकेस उघडण्याआधी काचेतून नीट बघा. आर्द्रता ६५च्या वर टिकली की बुरशी धरते. पांढरा किंवा करडा डाग दिसला तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, तो आत पसरतो. पंखा बंद करा, वस्तू पॉलिथिनमध्ये गुंडाळून दालनाबाहेर न्या आणि कोरड्या खोलीत उघडून टीपकागदावर वाळू द्या. पूर्ण वाळल्यावरच मास्क लावून मऊ ब्रशने झाडा, आणि तो ब्रश दुसऱ्या वस्तूला लावू नका.