टेपचं दुसरं टोक कोण धरणार?

इंटर्नशिपचा मोसम आला की आमच्या आर्किटेक्ट ऑफिसच्या मेलवर एकाच साच्यातले अर्ज येऊन पडतात. 'मला कम्युनिटी एंगेजमेंट आणि अडॅप्टिव्ह रियूजमध्ये रस आहे' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात असतंच. अडॅप्टिव्ह रियूज म्हणजे जुनी इमारत न पाडता तिला नवा वापर देणं. सोबत पोर्टफोलिओ: थर्ड इयरचं म्युझियम, फोर्थ इयरचं हाउसिंग, थीसिसला एखादी बंद गिरणी आणि तिच्यात बसवलेलं कल्चरल सेंटर. सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, छतातून उतरणारे उन्हाचे झोत आणि हातात फुगा धरलेलं एक मूल. सगळं देखणं असतं. त्या गिरणीच्या मागच्या चाळीत कोण राहतं, ते मात्र एकाही शीटवर सापडत नाही.

ज्यांना खरोखर अशा ऑफिसात यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं ऑफिस म्हणजे परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. माणसं एका टॅक्सीत मावतील त्याहून थोडी जास्त. दोघं पार्टनर चाळिशीच्या आतले. कामं येतात ती ट्रस्टच्या जुन्या वास्तूंची, सार्वजनिक वाचनालयांची, चाळींच्या दुरुस्तीची. नवी कोरी इमारत क्वचितच. मुलाखतीला आलेली मुलं विचारतात, 'डिझाइन करायला मिळतं का?' मिळतं, पण आधी टेप धरावी लागते, आणि ती बरेच महिने सुटत नाही.

कॉलेजात शिकवतात की आधी सर्व्हे, मग लोकांशी चर्चा, मग डिझाइन. आमच्याकडे सर्व्हे हीच चर्चा. सभेला बोलावलं की समितीची चार माणसं येतात आणि तीच बोलतात. मोजायला गेलं की प्रत्येक खोलीत शिरावं लागतं. तिथे म्हाताऱ्या आईला झोपायला कुठे जागा केलीय, पोटमाळ्यावर कोण अभ्यास करतं, मोरीतलं पाणी कुठे झिरपतं, हे सगळं न विचारता दिसतं. फक्त एक करायचं: दोघं इंटर्न दोन टोकं धरून उभे राहिले, असं होऊ द्यायचं नाही. टेपचं एक टोक त्या घरातल्या माणसाच्या हातात द्यायचं. आता लेझरवाले डिस्टो आलेत, एकटा माणूस बटण दाबून खोली मोजू शकतो. आमच्याकडेही आहे. पण पहिल्या फेरीला आम्ही मुद्दाम टेपच नेतो.

त्याचा एक दाखला देते. लालबागकडच्या एका ट्रस्टची व्यायामशाळा होती. बंदच पडल्यासारखी, कोपऱ्यात गंजलेली डंबेल्स, भिंतीवर हनुमानाची तसबीर. आजूबाजूच्या चाळींतल्या पोरांना अभ्यासाला जागा नाही म्हणून ट्रस्टला तिथे अभ्यासिका करायची होती. मागची भिंत मोजायला घेतली तेव्हा जुन्या सभासदांपैकी एक काका दुसरं टोक धरून उभे होते. पार्टनरने आकडा वाचला, मी लिहिला, आणि काका सहज म्हणाले, "इथं पयलं दार होतं हो. पावसाचं पाणी आत यायचं म्हणून बुजवलं." आम्ही टिचकी मारून पाहिली. बाकी भिंत दीड फुटाची, ठोस. तेवढ्या पट्ट्यात आवाज पोकळ. गिलावा थोडा खरवडला तर आत लाकडी चौकटीचा वरचा दांडा निघाला. प्लॅन करताना आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं: पन्नासेक मुलं बसणार आणि बाहेर पडायला रस्ता एकच. बुजवलेलं दार उघडून तोच दुसरा मार्ग झाला. दारावरचा आडवा लिंटेल नव्याने टाकावा लागला नाही, भिंत फोडावी लागली नाही.

दुसरा मार्ग हा विषय मी उगाच ताणत नाहीये. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. जुन्या गिरणीच्या आवारात नवा वापर शिरतो तेव्हा काय पणाला लागलेलं असतं ते त्या रात्री दिसलं. गिरणगावात रियूज म्हणजे उघड्या विटा आणि पिवळे बल्ब अशी एक समजूत झालीय. तुमच्या पोर्टफोलिओत विटा असू द्यात, पण त्याच शीटवर जिन्याची रुंदी आणि बाहेर पडायच्या वाटाही असू द्यात.

इमारत वाचायला शिकावं लागतं आणि ते कॉलेजात फारसं होत नाही. जुनी चाळ म्हणजे बहुतेक वेळा विटांच्या जाड भिंती, चुन्यातलं बांधकाम, बर्मा सागाचे खांब आणि तुळया, त्यावर फळ्या, वर कोबा किंवा लादी, छपराला मंगलोरी कौलं. लाकूड वरून धडधाकट दिसतं. बघायचं ते भिंतीत शिरणारं टोक, आणि तेही मोरीच्या खालचं आधी. एकदा सुताराने अशाच एका तुळईच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. हातभर अलीकडे तेच लाकूड असं कडक की खिळा शिरेना. अख्खी तुळई काढायची गरज नसते. खालून टेकू द्यायचे, कुजलेलं टोक कापायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टने आवळायचं किंवा जुन्या सागाचा तुकडा जोडायचा. असा साग ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात शोधला तर मिळतो. मात्र आधी वरची मोरी कोरडी करायची, नाहीतर नवं टोकही तसंच जाणार. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि आतून पापुद्रे सुटतात. हे सांगितलं की कॉन्ट्रॅक्टर हसतो. हसू द्यायचं, आणि टेंडरमध्ये चुना लिहायचा.

आरसीसी इमारत असेल तर प्रकरण वेगळं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या मागे मागे फिरा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर तो फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून सळईला जपतंय, रंग आला नाही तर तो भाग कार्बोनेट झालाय आणि सळईला गंजाची वाट मोकळी आहे. रहिवाशांसमोर ही चाचणी केली की दहा पानी रिपोर्टचं काम एका मिनिटात होतं. मजबुतीच्या या तपासणीनंतर, म्हणजे ऑडिटनंतर, इमारतीला सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असा वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. या वर्गावरून घराघरांत भांडणं होतात. एका रिपोर्टने पाडायची ठरलेली इमारत दुसऱ्या रिपोर्टमध्ये दुरुस्त करण्याजोगी निघते, आणि मग कोणाचा इंजिनिअर कोणाचा, यावर सभा संपते.

सभा ही कलाच आहे. "तुम्ही बिल्डरकडून आलात का?" हा पहिला प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर तुम्ही इंटर्न असलात तरी तुम्हाला नीट देता आलं पाहिजे: आम्हाला कोणी नेमलंय, फी कोण देतंय, ड्रॉइंग कोणाला दाखवणार. लपवाछपवी केलीत तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. संध्याकाळी सातच्या सभेला पुरुष येतात, बायका गॅलरीतून ऐकतात. म्हणून दुपारची, पाणी भरून झाल्यानंतरची वेळ आम्ही वेगळी धरतो. त्या वेळी जे कळतं ते सातच्या सभेत कधीच कळत नाही. आणि प्लॅन बहुतेकांना वाचता येत नाही, तशी अपेक्षा करणंही चूक. खडूने अंगणात खोली एकास एक आखायची. कपाट इथे, देव्हारा इथे, गॅसची शेगडी इथे, असं लोक स्वतः उभे राहून सांगतात. हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'स्पार्क' या संस्थेसोबत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी, 'महिला मिलन'ने, आपल्या घरांची पूर्ण मापाची मॉडेल्स उभी करून लोकांना दाखवली होती. लोकसहभागावर शोधनिबंध वाचायचे तर जरूर वाचा, पण सुरुवात भायखळ्यापासून करा.

आता कडू भाग. मुंबईत जुनी इमारत टिकवणं हे गणितात बसवणं फार कठीण. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीतला भाडेकरू नाममात्र भाडं भरतो. तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करणार नाही, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा निधी पुरत नाही. दुसरीकडे विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर त्याच भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं, आणि विकासकाला वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी. दुरुस्तीतून एक फूटही वाढत नाही. मग दहा बाय बाराच्या खोलीतल्या माणसाने आमचा चुन्याचा गिलावा का निवडावा?

त्याने नाहीच निवडला तर त्याला दोष देऊ नका. चाळ संस्कृतीचे कढ बहुधा ठाण्याच्या टू बीएचकेमध्ये बसूनच येतात. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापर्यंत जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला विचारा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून मूळच्या २०७ बीडीडी चाळी, सरकारने बांधलेल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं घर नको म्हणून सांगायला मी जाणार नाही. आमच्या ऑफिसने 'ही पाडाच' असं लेखी सांगितलेल्याही इमारती आहेत. ज्या ऑफिसचं उत्तर दर वेळी 'जपा' हेच असतं तिथे जरा सांभाळून जा.

म्हणूनच आमच्यासारख्यांचं काम मुख्यतः जिथे एफएसआयची लालूच कमी आहे तिथे चालतं: ट्रस्टची सभागृहं, वाचनालयं, शाळा, समाजमंदिरं. आणि खर्चाचा मुद्दा हल्ली कार्बनच्या बाजूनेही मांडता येतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ८ टक्के धरला जातो, उभी भिंत उभीच ठेवली तर तेवढं सिमेंट वाचतं. ट्रस्टी लोकांना हे पटतं असं नाही. कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणाऱ्या सीएसआरवाल्यांना पटतं.

पाहायला म्हणून काय पाहावं? भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर खुलं झालेलं. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस, २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं. दोन्ही जीर्णोद्धार, म्हणजे मूळ वापर राखून केलेलं काम. वापर बदलण्याचा धडा हवा असेल तर काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा. सर कावसजी जहांगीर हॉल हे जुनं सार्वजनिक सभागृह, १९९६ मध्ये तिथे कलादालन सुरू झालं. बाहेरचं कवच जुनं, आत अर्धवर्तुळाकार मजले चढवलेले. चित्रं नंतर पाहा. आधी नवा मजला जुन्या भिंतीला कुठे टेकतो ते शोधत फिरा. सुरक्षारक्षक संशयाने बघेल, बघू द्या. ही सगळी नावाजलेली, यादीतली स्थळं. १९९५ च्या वारसा नियमावलीने शहराला ग्रेड १, २, ३ दिले. आमच्या हाती येणाऱ्या बहुतेक इमारती त्या यादीत कुठेच नसतात, त्यामुळे त्यांना संरक्षणही नाही आणि वारसा समितीची कटकटही नाही.

करिअरचं म्हणाल तर कायद्याची बाजू सरळ आहे. पाच वर्षांची बी.आर्क., मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पगार मोठ्या फर्मपेक्षा कमी आणि कधीकधी उशिरा, कारण ट्रस्टचा ठराव झाल्याशिवाय चेक निघत नाही. एका क्लायंटने तर उद्घाटनाला हार घातला आणि शेवटचा हप्ता पुढच्या दिवाळीला दिला. बदल्यात लहान वयात साइट हाती येते. पहिल्याच वर्षी सुताराशी, प्लंबरशी, वॉर्ड ऑफिसातल्या माणसाशी तुम्हीच बोलता. कागद वाचायला शिका: भाडेपावती, प्रॉपर्टी कार्ड, जमिनीचा मोजणी क्रमांक, म्हणजे शहरात सी.एस. नंबर आणि उपनगरात सी.टी.एस. नंबर. मराठी नीट बोलता येणं इथे सॉफ्टवेअरइतकंच कामाला येतं. मालवणी कळत असेल तर सोन्याहून पिवळं.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. स्टायपेंड किती आणि कधी, लेखी मिळेल का. जुन्या इमारतीत चढताना हेल्मेट, बूट आणि विमा कोणाचा. तुम्ही केलेल्या मोजमापाच्या ड्रॉइंगवर तुमचं नाव येणार का. ऑफिस लोकसहभाग म्हणतं तेव्हा सभेनंतर प्लॅनमध्ये नेमकं काय बदललं, याचं एक उदाहरण मागा. उत्तरादाखल फक्त सभेचे फोटो दाखवले तर समजून घ्या.

आणि आम्हाला अर्ज पाठवणार असाल तर रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवलेली चित्रं, कमी पाठवा. आपल्या आजीची, मामाची, शेजाऱ्याची एक जुनी खोली मोजा. चारही भिंती, दोन्ही कर्ण, भिंतीची जाडी, खिडकीची उंची. भांड्यांची मांडणी, दोरीवरचे कपडे, गादी दिवसा कुठे गुंडाळून ठेवतात, तेही काढा. हाताने, पेन्सिलीने. कर्ण जुळत नसतील तर जुळवून काढू नका, जसे आलेत तसे लिहा आणि खोली वाकडी का आहे याचा तुमचा अंदाज बाजूला टाका. एका ए-थ्रीवर मावतं. शनिवारी सकाळी आम्ही बहुधा साइटवर असतो, तेव्हा मुलाखत सोमवारी.