कस्टम एडिटटेक्स्ट: मजकूर यूझरने बदलला की आपल्याच कोडने?

अँड्रॉइडच्या एडिटटेक्स्टवर (मजकूर टाइप करायचा चौकोन) लावलेला टेक्स्टवॉचर, म्हणजे मजकूर बदलला की कळवणारा लिसनर, हा फरक सांगत नाही. यूझरने टाइप केलं काय, तुम्ही सेटटेक्स्ट केलं काय, त्याचे तिन्ही कॉलबॅक तसेच येतात. (आयओएसवर उलटं: तिथल्या यूआयटेक्स्टफील्डचा मजकूर कोडने बदलला तर एडिटिंगचेंज्ड ही सूचना येतच नाही.) म्हणून सबक्लासमध्ये दोन पॅरामीटरचं सेटटेक्स्ट ओव्हरराइड करा, एक पॅरामीटरचं फायनल आहे, ते ओव्हरराइड होत नाही. सुपरला (मूळ क्लासच्या मेथडला) बोलावण्याआधी बूलियन फ्लॅग ट्रू करा आणि फायनलीमध्ये त्याची आधीची किंमत परत ठेवा. फ्लॅग ट्रू असताना आलेला बदल कोडचा. थेट फॉल्स करू नका. वॉचरच्या आतून दुसरं सेटटेक्स्ट झालं तर फ्लॅग मध्येच फॉल्स होतो.

आता खरा सापळा. एडिटटेक्स्टचा मूळ क्लास असलेल्या टेक्स्टव्ह्यूचा कन्स्ट्रक्टर स्वतःच सेटटेक्स्ट करतो, त्यातून ऑनटेक्स्टचेंज्डही चालतं, लेआउटच्या एक्सएमएलमध्ये मजकूर नसला तरीही. त्या क्षणी तुमच्या कोटलिन क्लासचं एकही फील्ड तयार नसतं. त्यात ठेवलेली लिसनरची यादी नॉन-नल जाहीर केली असली तरी ती तेव्हा नलच असते. अ‍ॅप कोसळतं आणि लॉगच्या वरच्या ओळीत दिसतं ‘इन्फ्लेट करताना एरर’ (इन्फ्लेट म्हणजे लेआउट फाइलवरून व्ह्यू तयार करणं). मग मंडळी लेआउट फाइल उकरत बसतात. खाली ‘कॉज्ड बाय’पर्यंत जा, नल पॉइंटर तिथे सापडेल. याहून वाईट म्हणजे न कोसळणारा प्रकार: कन्स्ट्रक्टरच्या वेळी फील्डमध्ये किंमत ठेवली जाते आणि नंतर त्या फील्डची ‘= 1’सारखी सुरुवातीची किंमत ती पुसून टाकते. उपाय सोपा आहे, घाबरू नका: ‘रेडी’ नावाचा फॉल्स बूलियन घ्या, फील्डांच्या खालच्या इनिट ब्लॉकमध्ये तो ट्रू करा, आणि तोवर ओव्हरराइडमधून फक्त सुपरला बोलवा.

‘फोकस नसेल तर कोडने बदललं’ हा शॉर्टकट सीनियरने सुचवला तरी घेऊ नका. क्लिअर बटण किंवा आपोआप भरलेला ओटीपी, दोन्ही वेळी फोकस त्याच फील्डवर असू शकतो.

अपेंड आणि एडिटेबलचं (फील्डमधल्या बदलता येणाऱ्या मजकुराचं) क्लिअर सेटटेक्स्टमधून जात नाहीत. कोडमधून ते करायचं तर फ्लॅग लावणारी वेगळी मेथड लिहा. ऑटोफिलसाठी (सिस्टिमने आपोआप भरलेल्या मजकुरासाठी) ऑटोफिल मेथडही ओव्हरराइड करा. स्क्रीन फिरवल्यावरची मजकुराची पुनर्स्थापना मात्र सेटटेक्स्टमधूनच येते, ती आपोआप पकडली जाते.

वॉचरच्या आफ्टरटेक्स्टचेंज्डमध्ये अट न घालता सेटटेक्स्ट केलंत तर ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं, स्टॅक ओव्हरफ्लो ठरलेला. अट घातली तरी कर्सर सुरुवातीला उडी मारतो आणि कीबोर्डचं इनपुट नव्याने सुरू होतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर अर्धा शब्द तिथेच तुटतो, इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला ते सहसा जाणवत नाही. हातात आलेल्या एडिटेबलवरच रिप्लेस करा, तेही फरक असेल तेव्हाच.