वेळ नाही म्हणून वजन उतरत नाही? या चुका टाळा

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांना आणि कॉलेज रोडच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना एकच सल्ला मिळतो: रोज तासभर व्यायाम करा. तो तास काही सापडत नाही, मग सगळंच राहून जातं. पहिली चूक इथेच होते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरेशी सुरुवात आहे आणि ती दहा-दहा मिनिटांनीही भरते. गोल्फ क्लबचा ट्रॅक रविवारसाठी ठेवा. एरवी डबा खाल्ल्यावर कंपनीच्या आवारातच चाला, जेवणानंतर रक्तातली साखरही त्याने कमी चढते.

मला सर्वात जास्त नुकसान दिसतं ते दिवसभर उपाशी राहण्यात. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धा डबा, सहा वाजता भूक अनावर झाली की वडापाव आणि रात्री दहाला पोटभर जेवण. "मी तर काहीच खात नाही" असं मनापासून म्हणणाऱ्यांनी एकदा चहाचा हिशोब करावा. दोन चमचे साखर म्हणजे साधारण ४० कॅलरी. पाच कपांचे २०० झाले, दूध वेगळंच. याला उपाय संध्याकाळचा नाही, सकाळचा आहे: दोन अंडी, मुगाचं धिरडं किंवा वाटीभर उसळ. पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि एक पेरू खाल्ला, तर रात्रीचं जेवण आपोआप आवरतं.

मिसळ सोडायची का? नाशिककराला हे सांगण्यात अर्थ नाही आणि गरजही नाही. मटकीत प्रथिनं आणि तंतू चांगले असतात. अडचण तर्रीत आहे, कारण टेबलस्पूनभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. मटकी जास्त, तर्री आणि शेव कमी, पाव एकच. शेवटची जिलबी मात्र खरंच नको. उपवासाला साबुदाणा खिचडी खाऊन वजन उतरेल, ही आशाही सोडा.

जागरणाने भूक वाढते. रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर जाण्याआधी घ्या, मध्यरात्री हलकंच खा.

काटा हलत नसेल तर रोज वजन करू नका, पाण्यामुळेच किलोभर फरक पडतो. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी करा आणि कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत फायदा दिसू लागतो.

दोन-तीन महिने नेटाने करूनही फरक नसेल, तर पावडरी आणि पट्टे विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, पीसीओडी (स्त्रियांमधला हार्मोनचा बिघाड) किंवा स्टेरॉइडसारखं एखादं औषध कारण असू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधीच त्यांना विचारा, कारण डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.