रेवस ते रेडी सायकलने: सोळा आठवड्यांची शून्यापासून तयारी

कोकणातला रेवस (रायगड) ते रेडी (सिंधुदुर्ग) हा सागरी मार्ग नकाशावर सोपा दिसतो. समुद्राच्या कडेचा रस्ता, त्यात चढ कुठला? पण हा रस्ता प्रत्येक खाडीशी समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे गेला की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, प्रत्येक फेरीबोटीच्या अलीकडे-पलीकडे हेच. एकही चढ मोठ्या घाटाइतका लांब नाही, पण दिवसभरात असे बरेच येतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. त्यामुळे एका दिवसात १०० किमी मारता येणं ही या सफरीची तयारी नव्हे. काल ६५ किमी चालवून आज सकाळी कुरकूर न करता खोगिरावर बसता येणं, ही खरी तयारी.

एकूण अंतर साधारण ५०० ते ५५० किमी, म्हणजे ६०-७० किमीचे आठ दिवस. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात न लावलेल्या माणसाला यासाठी १६ आठवडे पुरतात. ऑगस्टच्या मध्याला सुरुवात केली की डिसेंबरात निघता येतं. तेव्हा पाऊस नसतो आणि उन्हाचा तडाखाही कमी असतो. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल किंवा जिना चढताना छातीत दाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या.

आधी सायकल अंगाला बसवा

सुरुवातीला सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण दम लागला म्हणून सोडत नाहीत. गुडघा दुखतो म्हणून सोडतात, आणि त्या दुखण्यामागे अनेकदा सीटची उंची असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक येतो. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून, लवणीत दुखत असेल तर वर. दुरुस्ती एका वेळी पाच मिलिमीटरच करा आणि दोन-तीन फेऱ्या चालवून बघा. एकदम दोन सेंटीमीटर हलवलं तर दुखणं फक्त जागा बदलतं. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते पाहा. तसं असेल तर शरीराचा भार मनगटांवर येतो.

सीट मऊ असली की बरं, हा समज दुकानातच सोडून या. जाड जेलच्या सीटमध्ये बसायची हाडं रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. किंचित कडक सीट आणि पॅड असलेली सायकलिंगची चड्डी पुरेशी आहे. त्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, कारण शिवणच कातडी सोलते. पहिले दोन-तीन आठवडे बूड दुखणारच, नंतर सवय होते. घासून लाल होणं मात्र वेगळं. जांघेत पेट्रोलियम जेली लावा, घरी आल्याबरोबर चड्डी बदला आणि रोज धुवा.

गिअरचं गणितही आधीच करून घ्या. पेडलपाशी पुढच्या चक्राला २८ दात आणि मागच्या चाकावरच्या चक्राला ३४ असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की वेग ताशी सव्वासहा-साडेसहा किमी. सामानासकट उभा चढ बसून चढायला हेच लागतं. बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४, मागे १८ दात असतील तर ती एका फेरीत पाच मीटर जाते. त्या सायकलने चढ चालतच चढावे लागतील.

पहिले आठ आठवडे: कंटाळवाणे, आणि तसेच असू द्या

आठवड्यातून चार दिवस, सुरुवातीला प्रत्येक वेळी ८-१० किमी, सपाट रस्ता. वेग इतकाच, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. हा सल्ला सगळे ऐकतात आणि पाचव्या दिवशी स्कूटरशी शर्यत लावतात. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, स्नायूबंध आणि सांध्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात वाटणारा जोर त्यामुळेच फसवा असतो.

पेडल हलकं आणि भरभर मारा. एक गुडघा १५ सेकंदांत २० ते २२ वेळा वर आला पाहिजे. जड गिअरवर रेटत राहिलं की मांड्या लवकर भरतात आणि गुडघ्यावर ताण येतो.

आठवड्याचं एकूण अंतर दर आठवड्याला १० ते १५ टक्क्यांनीच वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने कमी करा. म्हणजे ४० किमीपासून सुरुवात केली की सातव्या आठवड्यात साधारण ७० होतात, त्यातले ३० रविवारचे. पावसाने बाहेर पडता आलं नाही तर २० मिनिटं जिने चढा-उतरा. ज्या दिवशी सायकल नाही अशा दोन दिवशी १५ उठाबशा, ३० सेकंद प्लँक (पालथं होऊन कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ ताठ धरणं) आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम १५ वेळा, असे तीन फेरे करा. पाठ आणि पोट कमकुवत असलं की तिसऱ्या तासाला मान आणि कंबर बोलायला लागतात.

नववा ते बारावा: चढ

आता जवळचा चढ शोधा. पुण्यात बोपदेव किंवा जुना कात्रज घाट आहे, ठाण्यात येऊर, कोल्हापुरात पन्हाळा किंवा जोतिबाचा रस्ता. सिंहगड लगेच नको. तो नऊ-एक किलोमीटरचा सलग आणि उभा चढ आहे. आपल्याला हवेत एक-दोन किलोमीटरचे तुकडे, पण पुन्हा पुन्हा. मंगळवारी असा एक तुकडा तीनदा चढा, उतरताना विश्रांती घ्या. पुढच्या आठवड्यात चारदा, मग पाचदा. सुरुवातीला मुद्दाम हळू जा, म्हणजे शेवटची चढाई पहिलीइतक्याच वेळात होईल. शेवटचीला दीडपट वेळ लागला तर पहिली फार जोरात झाली. चढ नसलेल्या गावात समोरचा वारा हाच घाट समजा आणि उड्डाणपूल सोडू नका.

याच सुमारास ऑक्टोबर हीट आणि दिवाळी येते. सकाळी सहाच्या आत निघा. हलका आठवडा दिवाळीत टाका, म्हणजे फराळही होतो आणि वेळापत्रकही मोडत नाही. रविवारची फेरी तोवर ४५-५० किमीवर आलेली असेल.

दीड तासापेक्षा लांब फेरी असेल तर खाणं खिशात हवं. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणून एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू किंवा गुळाची चिक्की, एवढं एका तासाला. भूक लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं खा. डोळ्यांपुढे अंधारी आणि हातापायांत थरथर आल्यावर खाल्लेलं पोचायला वेळ लागतो. वडापाव थांब्यावर छान लागतो, पण पुढच्या चढावर वर येतो.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर. स्वतःचा हिशेब काढायचा तर निघण्याआधी आणि आल्यावर घाम पुसून वजन करा. कमी झालेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि वाटेत प्यालेलं पाणी त्यात मिळवा. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं आणि मळमळतं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. कोकणात मीठ घातलेलं कोकम सरबत हेच काम करतं, त्याला नाही म्हणू नका.

या महिन्यांत वजन उतरवण्यासाठी रात्रीचं जेवण तोडू नका. उसळ, पिठलं, अंडी, दही यांपैकी काहीतरी रोजच्या पानात असू द्या, नाहीतर थकलेले स्नायू भरून येत नाहीत.

तेरावा ते पंधरावा: सलग दिवस आणि सामान

कॅरिअरवर दोन्ही बाजूंना बॅगा लावा आणि सुरुवातीला पाच किलो भरा, मग आठ. पाठीवरची सॅक नको. पाठ भिजते आणि तिचा भार सीटवर येतो. सामानाची सायकल उतारावर लवकर थांबत नाही, त्यामुळे ब्रेकचे पॅड आताच तपासा. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही दाबून वेग कमी करा, मग सोडा.

शनिवारी ४०, रविवारी ४० अशी सुरुवात करा. पंधराव्या आठवड्यात शनिवारी ५५, रविवारी ५० आणि मध्ये २०-२५च्या दोन फेऱ्या, म्हणजे १५० किमीच्या आसपास. रविवारची सकाळ हीच परीक्षा आहे. पहिली २० मिनिटं पाय लाकडासारखे वाटतील, ते चालतं. अर्ध्या तासानंतरही गुडघ्यात टोचत असेल तर घरी परता. रोज उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सुट्टी, वेळापत्रक काहीही सांगो.

शेवटचा आठवडा आणि पहिला दिवस

सोळाव्या आठवड्यात फक्त १०-१५ किमीच्या तीन फेऱ्या. राहिलेलं अंतर आता भरून काढता येत नाही; प्रयत्न केला तर थकवाच बरोबर येतो. नवे बूट, नवी सीट, नवी चड्डी यांतलं काहीही या आठवड्यात नको.

पहिल्या दिवशी रेवस, अलिबाग, रेवदंडा करत काशीद किंवा मुरुडला थांबा. हा पट्टा पुढच्यापेक्षा सोपा आहे. पायात जोर असेल, दुपारीच पोचाल आणि आगरदांड्याची फेरीबोट पकडून आजच दिघी गाठू असं वाटेल. ती बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पकडा. दिघीला उतरल्यावर चढ सुरू होतात.