काम न वगळता ताबा लवकर देण्याची पूर्वतयारी

इमारतीच्या ताब्याची तारीख ठरल्यापेक्षा अलीकडे आली आणि करारातील एकही काम वगळायचे नाही असे ठरले, तर सर्वप्रथम क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यातले एक काम लांबले तरी ताबा लांबतो अशी कामांची सलग साखळी, नव्याने काढून घ्यावा. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी आकाराला आलेली ही पद्धत येथे हवीच, कारण ज्या कामांना मोकळीक आहे, म्हणजे जी थोडी लांबली तरी चालते, ती कितीही घाईने उरकली तरी ताब्याची तारीख हलत नाही. या मार्गावरील प्रत्येक कामाचे नेहमीचे दिवस, कमीत कमी दिवस आणि त्यासाठीचा जादा खर्च ठेकेदाराकडून लेखी घ्यावा. जेथे एक दिवस सर्वांत स्वस्तात वाचतो तेथून सुरुवात करावी. मात्र काही दिवस वाचले की मार्ग पुन्हा तपासावा, कारण तोवर दुसरीच साखळी निर्णायक झालेली असू शकते.

जादा माणसे मागवण्याआधी जागा पाहावी. लहान बाथरूममध्ये फरशी बसवायला एक गवंडी आणि एक बिगारी मावतो. तिसरा फक्त हजेरीपटावर दिसतो. दुसरी टोळी वेगळ्या मजल्यावर लावावी आणि तिचा माल आदल्या संध्याकाळीच वर चढवून ठेवावा.

कामे समांतर चालवायची असल्यास नकाशे अंतिम हवेत. वायरिंगच्या पाइपांची तपासणी होण्याआधी गिलावा झाला, तर वाचलेले दिवस झिऱ्या मारण्यात, म्हणजे पाइपांसाठी भिंत पुन्हा खोदण्यात, जातात.

काँक्रीटच्या दिवसांना हात लावू नये. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर कोरड्या व उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारावे लागते. म्हणून पुण्यातील एप्रिल-मे महिन्यांत १० च धरावेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढण्याची मुभा तापमान १५ अंशांखाली जात नाही हे गृहीत धरून दिलेली आहे, आणि पुण्यात जानेवारीच्या रात्री ते सर्रास खाली जाते. मालकाला हे पहिल्याच बैठकीत सांगितलेले बरे.

बाहेरचा गिलावा वेळापत्रकात जूनच्या पावसाआधी बसवावा. काम पेठांमध्ये असेल तर गणेशोत्सवात रस्ते बंद राहतात, त्यामुळे त्या दिवसांत काँक्रीटची गाडी धरू नये. लिफ्टचा परवाना, अग्निशमन दलाचा अंतिम दाखला आणि महापालिकेचे भोगवटापत्र यांचे दिवस जादा मजुरीने कमी होत नाहीत. त्यांच्या कागदपत्रांची जुळवाजुळव एका नेमलेल्या माणसाकडे आजपासूनच सोपवावी.