न्यूमोनियाचा पेशंट आला की आधी श्वास मोजा

सांगलीच्या मेडिसिन वॉर्डात नव्यानं येणाऱ्या इंटर्नना मी पहिल्यांदा हेच सांगते: खोकला किती आणि ताप किती, यावरून पेशंटचं पुढं काय होणार ते ठरवू नका. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात कित्येकदा ताप नसतोच. त्यापेक्षा कर्ब-६५ वापरा: पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला एक गुण, आणि बेरजेवरून आजार किती गंभीर ते ठरवायचं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. मोजतोय हे पेशंटला कळू देऊ नका, कळलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघताय असा हात धरा, शाल-स्वेटर बाजूला करा, नजर छातीपोटावर ठेवा. प्रत्येक केसपेपरवर न मोजताच ‘२०’ लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. मिनिटाला ३० किंवा जास्त भरले, तर एक गुण.

दुसरा गुण नव्यानं झालेल्या भ्रमाचा. इथं नातेवाइकांशिवाय भागत नाही. जतहून आलेल्या आजी असंबद्ध बोलत असतात आणि मुलगा म्हणतो, “वयामुळं आसंल ओ मॅडम.” मग विचारायचं, “परवा नातवाला नावानं हाक मारत होत्या का? भाकरी थापत होत्या का?” परवा सगळं नीट होतं आणि आज नाही, तर दोष वयाला देऊ नका. गुण द्या.

उरलेले तीन: वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा कमी; वय ६५ किंवा जास्त; ब्लड युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर. रिपोर्टवर बीयूएन (म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन) छापलं असेल तर साधारण २० च्या वर. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. हाच २००३ सालचा कर्ब-६५. बेरीज ० किंवा १ आली तर धोका कमी, २ ला दाखल करा, ३ पासून पुढं गंभीर, आयसीयूला कळवा.

ऑक्सिजन मात्र या बेरजेत नाही. तिशीतला ऊसतोड मजूर, बेरीज शून्य, पण बोटाला लावलेल्या मशीनवर ८८. बोट गार नाही ना, नेलपेंट नाही ना, बघून पुन्हा लावा. तेवढंच आलं तर ऑक्सिजन लावून दाखल करा. आणि ९५ आलं, तरी घरी सोडण्याआधी विचारा: फडावरच्या खोपीत रात्री दम लागला, तर याला परत कोण आणणार? आणणारं कोणी नसेल, तर मी ठेवून घेते.