कोॲक्सचा वेलोसिटी फॅक्टर: मोजा, कापा, पुन्हा मोजा

१४५ मेगाहर्ट्झच्या यागी अँटेनाचा फोल्डेड डायपोल (केबल जिथे जोडतात ती दुमडलेली दांडी) मी सलग तीन रविवार कापत-जोडत बसलो होतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, १ म्हणजे आदर्श) काही केल्या २.५ च्या खाली येईना. दोष डायपोलमध्ये नव्हताच, त्याच्या खाली बांधलेल्या केबलच्या वेटोळ्यात होता. ते वेटोळं म्हणजे ४:१ चा बलून, केबल आणि डायपोल यांना जुळवणारा जोड. त्याची लांबी केबलमधल्या अर्ध्या तरंगलांबीइतकी असावी लागते, तरच एका टोकाचा सिग्नल दुसऱ्या टोकाला बरोबर उलटा पोचतो.

केबल पुण्यातल्या बुधवार पेठेतून आणलेली, टीव्हीची कोॲक्स, ७५ ओहमची. ७५ ओहम म्हणजे आरजी-५९ आणि आरजी-५९ म्हणजे वेलोसिटी फॅक्टर (लहरीचा केबलमधला वेग भागिले प्रकाशवेग) ०.६६, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तेवढ्यावर मी ६८.२ सेंटीमीटरचा तुकडा कापून मोकळा झालो. चौथ्या रविवारी ब्लेडने साल काढली आणि आतलं पांढरं प्लॅस्टिक नखाने दाबून पाहिलं, तर ते स्पंजासारखं आत गेलं. फोम होता.

सगळा फरक इथेच पडतो. केबलमधून लहर किती वेगाने जाते, हे मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये काय भरलंय त्यावर ठरतं. घट्ट पॉलिथिलीन असेल तर प्रकाशवेगाच्या ०.६६ पट, टेफ्लॉन असेल तर ०.७ च्या आसपास. फोममध्ये हवा जितकी जास्त तितका वेग जास्त, त्यामुळे ०.७८ पासून ०.८५ पर्यंत काहीही निघू शकतं. सालीवर ७५ ओहम छापलेलं असतं, त्यावरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून ज्या बंडलातून बलून किंवा फेजिंग लाइन (सिग्नल ठरावीक अंशांनी मागे ठेवणारी केबल) कापायची, त्याच बंडलाचा तुकडा आधी मोजा, असा माझा आग्रह आहे. नुसती फीडलाइन (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) टाकायची असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

नॅनोव्हीएनए (केबल आणि अँटेना मोजणारं छोटं यंत्र) असेल तर काम तासाभरात होतं. पाचेक मीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला कनेक्टर लावा आणि दुसरं टोक उघडं ठेवा. उघडं टोक धारदार ब्लेडने सपाट कापायचं. पक्कडने कापलं तर जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला चिकटते आणि पुढचे सगळे आकडे वाया जातात. भिंग घेऊन एकदा बघाच. लांबी स्टीलच्या टेपने मोजायची, केबल जमिनीवर सरळ ताणून, आणि संध्याकाळी. दुपारच्या गच्चीवर काळी केबल चांगलीच तापते. माझा तुकडा भरला ४.९६ मीटर.

आधी १ ते २०० मेगाहर्ट्झ असा रुंद स्वीप (यंत्राने ओळीने तपासायचा फ्रिक्वेन्सींचा पट्टा) लावा, ओपन, शॉर्ट आणि लोड हे प्रमाण तुकडे लावून कॅलिब्रेशन करा आणि एस-११ चा, म्हणजे केबलमधून परत आलेल्या सिग्नलचा, फेज (अंशांतला कोन) पाहा. उघड्या टोकाची केबल पाव तरंगलांबीची झाली की इकडच्या टोकाला शॉर्टसारखी वागते. फेज उणे १८० वर जाऊन एकदम अधिक १८० वर उडी मारतो तीच जागा. पुढच्या उड्या पाव तरंगाच्या ३, ५, ७ पटीला येतात. केबल ७५ ओहमची आणि यंत्र ५० ओहमचं, म्हणून घाबरू नका. शॉर्ट तो शॉर्टच, ओहम बदलले तरी उडीची जागा हलत नाही.

मला आकडा १४५ च्या जवळचा हवा होता, कारण अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला लहर किंचित संथ चालते. उड्या पहिलीपासून मोजत गेलो. सहावी, म्हणजे ११ पटीची, १३५ च्या आसपास दिसली. १०१ बिंदूंच्या रुंद स्वीपमध्ये दोन बिंदूंत २ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं, तो आकडा कामाचा नाही. म्हणून तिथे फक्त २ मेगाहर्ट्झचा स्वीप लावला, पुन्हा कॅलिब्रेशन केलं, आणि उडी मिळाली १३५.८० वर. ११ ने भागून १२.३४५५. आता ४ × लांबी × फ्रिक्वेन्सी ÷ २९९.७९ (प्रकाशाचा वेग, दशलक्ष मीटर प्रति सेकंद), म्हणजे ०.८१७.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण यात अजून चूक आहे. कॅलिब्रेशन होतं यंत्राच्या एसएमए जोडणीच्या तोंडाशी, आणि त्यापुढचा ॲडाप्टर व कनेक्टर टेपमध्ये धरलेलेच नसतात. ही चूक काढायला कनेक्टरला हात न लावता उघड्या टोकाकडून नेमकी २.०० मीटर केबल कापा, टोक पहिल्यासारखंच सपाट करा आणि पुन्हा मोजा. उरलेल्या २.९६ मीटरची चौथी उडी, म्हणजे ७ पटीची, मला १४४.२५ वर मिळाली, ७ ने भागून २०.६०७. साधं सूत्र लावलं तर या तुकड्याचा आकडा ०.८१४ येतो. केबल तीच, फक्त तुकडा आखूड झाला तर आकडा घसरला, कारण कनेक्टरचा वाटा वाढला.

आता वजाबाकी. १ ÷ १२.३४५५ मधून १ ÷ २०.६०७ वजा केले की ०.०३२४७ उरतात. कापलेली लांबी गुणिले ४, म्हणजे ८, तिला २९९.७९ × ०.०३२४७ ने भागा. उत्तर ०.८२२. कनेक्टर दोन्ही मापांत सारखाच होता, तो वजाबाकीत निघून गेला. उरलं ते निव्वळ २ मीटर केबलचं माप.

१४५ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी हवेत १०३.४ सेंटीमीटर, गुणिले ०.८२२ म्हणजे ८५ सेंटीमीटर. माझं वेटोळं तब्बल १७ सेंटीमीटर आखूड होतं, १८० अंशांऐवजी जेमतेम १४५ अंश देत होतं. नवं बांधताना लांबी जाळीच्या टोकापासून टोकापर्यंत धरली आणि दोन्हीकडच्या उघड्या तारा सोल्डर करता येतील इतक्याच ठेवल्या. फोम दबू नये म्हणून वळणं मोठी ठेवली, केबल-टायही आवळला नाही. डायपोल पुन्हा मूळ लांबीचा केला. त्या संध्याकाळी एसडब्ल्यूआर १.२ आला.

बंडलावर आता मार्करने ०.८२२ लिहिलेली चिकटपट्टी आहे. पुढचं बंडल त्याच दुकानातून आणलं तरी त्याची पट्टी कोरीच असेल.